सोडण्यासाठी सांभाळायचं

आमच्या भुईगावात हत्ती नाही. हत्तीला लागतं ते सगळं आहे. केळीच्या बागा आहेत, माड आहेत, बावखलात पाणी आहे, अंगावर उडवून घ्यायला किनाऱ्याची रेती आहे. पण हत्ती नाही. लहानपणी सर्कशीत पाहिला तेवढाच. तेव्हा दहावी शिकलेल्या या वाडीवाल्याने हत्तीच्या पोरक्या पिल्लांवर लिहायचं कारण काय, असं कुणी विचारलं तर त्याचं चुकलं म्हणता येणार नाही. कारण एवढंच की एक प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात बसला आहे, आणि तो हत्तीच्या निमित्ताने जितका नीट दिसतो तितका दुसऱ्या कशाने दिसत नाही.

प्रश्न असा. आपण गाय-म्हैस वाढवतो ती दुधासाठी. बैल वाढवला तो नांगरासाठी. केळ लावतो ती घडासाठी. पोरं वाढवतो ती, कबूल करा किंवा करू नका, म्हातारपणी कुणी जवळ असावं म्हणूनही. पण जे जनावर आपलं नाही, आपल्याला काही देणार नाही, मोठं झाल्यावर ज्याने आपली वाट सोडून रानात जावं यासाठीच त्याला वाढवायचं, त्याला जीव किती लावायचा? जीव लावला तर ते माणसाला चिकटतं आणि रानाला परकं होतं. नाही लावला तर ते जगतच नाही. मग करायचं काय?

‘जगतच नाही’ हे मी उगाच म्हणत नाही. गाय नऊ महिने वासरू वागवते, म्हैस दहा. हत्तीण बावीस महिने पिल्लू पोटात वागवते. जन्मतः ते शंभर किलोच्या आसपास असतं, पण अंगाने एवढं थोरलं असूनही दोन वर्षांपर्यंत त्याचं दुधावाचून चालत नाही. गायीचं दूध त्याला मानवत नाही, पोट बिघडून पिल्लू खंगतं. आफ्रिकेत केनिया देशात डॅफ्नी शेल्ड्रिक नावाच्या बाई होत्या. नवरा त्सावोच्या जंगलाचा वॉर्डन. हस्तिदंतासाठी मारलेल्या हत्तिणींची तान्ही पिल्लं त्यांच्याकडे यायची आणि हातात मरायची. कितीतरी वर्षं खटपट केल्यावर त्यांना सापडलं की गायीच्या दुधातल्या चरबीऐवजी नारळाचं तेल असलेली दुधाची भुकटी दिली तर पिल्लाला पचते. नारळाचं तेल! हे वाचताना मला आमच्या माडांबद्दल एकदम अभिमान वाटला. त्यांचं आमचं काही देणं-घेणं नसताना.

पण खरी शिकवण पुढेच आहे. त्या दुधावर जगलेल्या पहिल्या पिल्लाचं नाव आयशा. बाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. काही महिने झाले, पिल्लू बाळसं धरू लागलं. मग बाईंना लेकीच्या लग्नासाठी दोनेक आठवडे बाहेर जावं लागलं. दूध तेच होतं, जागा तीच होती, पाजणारं माणूसही होतं. फक्त बाई नव्हत्या. आयशाने खाणं सोडलं. बाई परत आल्या तेव्हा ती वाचण्यापलीकडे गेली होती. आई एकदा मेली होतीच, पिल्लाच्या लेखी ती दुसऱ्यांदा मेली.

यावरून बाईंनी जो नियम केला तो त्यांच्या संस्थेत आजही पाळतात. डेव्हिड शेल्ड्रिक वारल्यावर १९७७ साली त्यांच्या नावाने ती संस्था उभी राहिली. नियम असा की एका पिल्लाला एकच माणूस द्यायचा नाही. सांभाळणारे आळीपाळीने बदलायचे. रात्री पिल्लाशेजारी कुणीतरी माणूस झोपायचंच, कारण एकटं पडलं तर ते हाय खातं. पण रोज तोच नाही. दर तीन तासांनी बाटली. दूध पिताना पिल्लाला सोंड टेकायला आईचं पोट लागतं, म्हणून घोंगडी टांगून ठेवायची. त्या घोंगडीला सोंड लावून ते दूध ओढतं. बाकी दिवसभर इतर पोरक्या पिल्लांबरोबर झुडपांत हिंडायचं. म्हणजे माया कमी करायची नाही, ती वाटून टाकायची, आणि तिचा मोठा वाटा माणसाकडून काढून हत्तींकडे सरकवायचा.

गोठ्यातल्या माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. जुने लोक मग त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवायचे, गाय चाटायची आणि पान्हा सोडायची. घोंगडी टांगणं आणि पेंढा भरणं, वरवर पाहिलं तर दोन्ही फसवणूकच. पण एका फसवणुकीत दूध आपल्या चरवीत येतं आणि दुसरीत आपल्या हातचं दूध दुसऱ्याच्या पोटात जातं. मला वाटतं, नीती-अनीतीचा बराचसा फरक असाच असतो. युक्ती तीच, पण दूध कुणीकडे वाहतं ते पाहायचं.

आता आपल्या देशात येऊ. आसामात काझीरंगाजवळ वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी २००२ साली जखमी आणि पोरक्या प्राण्यांसाठी एक केंद्र उभं केलं. ब्रह्मपुत्रेच्या पुरात कळपापासून तुटलेली, चहाच्या मळ्यांतल्या खोल चरांत पडलेली हत्तीची पिल्लं तिथे येतात. वाढवून पुढे त्यांना मानसच्या जंगलात नेतात आणि हळूहळू रानात सोडतात. पण या लोकांचा पहिला नियम मला सगळ्यात जास्त आवडला. पिल्लू आणायचं ते शेवटी. आधी कळप शोधायचा, आई जिवंत असेल तर तिच्याकडेच ते परत जाईल असं पाहायचं. तमिळनाडूत अनामलाईच्या जंगलात २०२३ च्या अखेरीस चुकलेलं एक पिल्लू वनखात्याच्या लोकांनी असंच आईला भेटवलं. अंगाला माणसाचा वास राहू नये म्हणून त्यांनी त्याला धुऊन चिखल फासला होता. माणसाने केलेल्या उपकाराची खूणसुद्धा पुसून टाकायची, असं ते काम.

हे शहाणपण फक्त शिकलेल्यांचं नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना वादळात माडाची एक झावळ पडली आणि तिच्याबरोबर उदमांजराची दोन पिल्लं खाली आली. आम्हा पोरांना ती घरात न्यायची होती. आजीने हात लावू दिला नाही. करवंटीने उचलून तिने ती टोपलीत ठेवली, टोपली त्याच माडाला पुरुषभर उंचीवर बांधली आणि आम्हाला दम दिला, “आई हाय त्यांची. तुम्ही कोण?” सकाळी टोपली रिकामी होती. आजी अक्षरही शिकली नव्हती.

आजीची टोपली मला पुढे पुणे जिल्ह्यात भेटली, ती जुन्नरच्या बातम्यांत. तिथे बिबट्याची मादी उसाच्या फडात विते. तोडणी सुरू झाली की ऊसतोड कामगारांना पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जात, मग आई पिसाळल्यासारखी त्या शेताभोवती फिरायची. आता वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवतात. लांबून कॅमेरा लावतात. रात्री आई येते, क्रेट उलथते, मानगुटीला धरून एकेक पिल्लू नेते. या कामात माणसाने करायचं ते एवढंच, की तोडणी थांबवून एक रात्र ते शेत मोकळं ठेवायचं. पण ती एक रात्र ज्याची मजुरी बुडते त्याला विचारा, ‘एवढंच’ म्हणजे किती ते.

सगळी पिल्लं अशी परत जात नाहीत. काहींची आई खरंच मेलेली असते. मग माणसापुढे दोन वाटा राहतात, आणि श्रीलंकेत त्या दोन्ही शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. पिन्नावला इथे १९७५ साली हत्तींचं अनाथालय निघालं. पिल्लं जगली, वाढली, त्यांना तिथेच पिल्लं झाली, बघायला देशोदेशीचे लोक येऊ लागले. ते हत्ती रानात गेले नाहीत. दुसरं उदावलवे, १९९५ सालचं. तिथे ठरलेल्या वेळी पिल्लांना दूध मिळतं, आणि दूध संपलं की ती पुन्हा झाडीत. लोकांनी लांबून पाहायचं. कुरवाळायचं नाही. मोठी झाली की गटाने शेजारच्या जंगलात सोडतात. तिथला पाहुणा थोडा हिरमुसतो म्हणे, हत्तीच्या पिल्लाला हात लावायला मिळत नाही म्हणून. आपण हिरमुसलो की समजावं, काम बरोबर चाललंय.

याचा अर्थ पहिल्या वाटेवरचं प्रेम खोटं असा नाही. तमिळनाडूतल्या तेप्पकाडू छावणीतल्या बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याने रघू आणि अम्मू ही पिल्लं वाढवली, त्यावरच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाला २०२३ साली ऑस्कर मिळालं. रघूला त्यांच्याकडून काढून दुसऱ्या माहुताकडे दिलं तेव्हाचं त्यांचं दुःख पाहून माझ्या घरातलं कुणी बोललं नाही. आणि आपल्याकडे हेमलकसा आहेच. शिकारी मारून नेत असलेल्या माकडिणीच्या अंगाला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं पाहून प्रकाश आमट्यांनी ते मागून घेतलं, आणि तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. पुढे माडिया लोकच रानातली पोरकी पिल्लं त्यांच्याकडे आणून देऊ लागले. ज्यांच्या पोटात भूक होती त्यांनी हातचं खाणं सोडून ते पिल्लू दिलं, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं.

पण प्रेम खरं असलं म्हणून ते पुरतं असं नाही. कोल्हापूरकडच्या नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, लोक जिला माधुरी म्हणत, ती तीसेक वर्षं तिथे होती. २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेलं. सारा जिल्हा ढवळून निघाला. बाया ट्रकमागे रडत गेल्या, मोर्चे निघाले. एका बाजूने म्हणत होते, तिचे पाय बघा, तिचं एकटेपण बघा. दुसऱ्या बाजूने म्हणत होते, ती आमच्या घरातली आहे. मला दोन्हीकडचं दुःख खरं वाटलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे कुणी बोलत नव्हतं, कारण बोलून उपयोगच नव्हता. रान. लहानपणी माणसांत आलेल्या हत्तिणीला इतक्या वर्षांनी रान उरत नाही. वाद होता तो या मुक्कामाचा की त्या मुक्कामाचा. जो दरवाजा पहिल्या दोन-तीन वर्षांत उघडा ठेवायचा असतो, तो नंतर कोणत्याही न्यायालयाला उघडता येत नाही.

आमच्या आळीतल्या माझ्या मित्राला मी हे सगळं एकदा सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “अरे, माणसांच्या पोरांना दूध नाही, आणि हत्तीच्या पोरांना बाटल्या? दया करायची तर जवळच्यावर कर ना.”

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण मी त्याला विचारलं, हे पिल्लू पोरकं झालं कशाने? चहाच्या मळ्यातला चर त्याने खणला? रूळ त्याने टाकले? कुंपणात वीज त्याने सोडली? हस्तिदंताचा बाजार त्याने मांडला? पुरात वाहून आलेलं सोडलं तर बहुतेक पोरक्या पिल्लांच्या मागे माणसाचाच हात निघतो. जिथे आपला हात आहे तिथे ती दया होत नाही, ते देणं होतं. बांध फोडून शेजाऱ्याच्या वाडीत पाणी घुसवलं आणि मग त्याला चार केळी नेऊन दिली, तर त्याला आपण दानधर्म म्हणतो का? भरपाई म्हणतो. माणसाच्या पोराचं दूध आणि हत्तीच्या पिल्लाचं दूध ही दोन वेगळी खाती आहेत. एकातलं थकलं म्हणून दुसऱ्यातलं बुडवता येत नाही.

मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने खरा घाव घातला. म्हणाला, “बरं. वाढवला, रानात सोडला. उद्या तो माझ्या केळीत आला तर? तुझी भरपाई माझ्या वाडीतून?”

इथे मला थांबावं लागलं, कारण हा प्रश्न भुईगावचा नसला तरी सिंधुदुर्गाचा आहे. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, ते आज तिलारीच्या खोऱ्यातल्या लोकांच्या केळी, माड, सुपारी तुडवताहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात काजूच्या बागेत गेलेला एक वृद्ध शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात मेला. ज्याने बारा-पंधरा वर्षं माड वाढवला आणि एका रात्रीत आडवा झालेला पाहिला, त्याला हत्तीच्या पिल्लाच्या डोळ्यांतलं पाणी कुणी दाखवू नये. आमच्या वसईतही २०२४ साली किल्ल्यात बिबट्या येऊन राहिला होता. एप्रिलमध्ये वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडेपर्यंत तिकडची माणसं अंधार पडायच्या आत दार लावून घेत होती. लांबून रान सगळ्यांनाच आवडतं. दारात आलं की कळतं.

पण मित्राच्या प्रश्नाचा विचार करता करताच मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. केळीच्या बागेत कुठला हत्ती जास्त धोक्याचा? रानातला हत्ती मशाल पाहून, डबे वाजवलेले ऐकून निदान एकदा तरी बिचकतो. ज्याला माणसाने कुशीत घेऊन वाढवलं, फळं भरवली, आणि मग एक दिवस सोडून दिलं, तो माणसाच्या वासाने पळणार नाही. तो वासावरच येईल. त्याच्या लेखी माणूस म्हणजे जेवण. आणि एकदा तो दारात आला की एक तर माणूस मरतो, नाहीतर तो मरतो, नाहीतर पुन्हा साखळीत जातो. म्हणून सांभाळणारे आळीपाळीने बदलतात, अंगाला चिखल फासतात, लोकांना कुरवाळू देत नाहीत, ते फक्त पिल्लाच्या भल्यासाठी नाही. रानाच्या कडेला ज्याची वाडी आहे, त्या अनोळखी शेतकऱ्यासाठीही आहे. पिल्लाच्या मनात माणसाची धास्ती शिल्लक ठेवणं हे त्या शेतकऱ्याचं देणं आहे.

सोडायचं तरी कुठे, हाही त्यातलाच भाग. जुन्नरला २००१ ते २००३ च्या सुमारास बिबटे पकडून लांबच्या जंगलांत नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, हे विद्या अत्रेय यांनी अभ्यास करून दाखवलं. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं म्हणजे सुटका केली असं होत नाही. तेव्हा मी मित्राला जे सांगितलं ते असं, की पिल्लू सोडायचं तर रान पुरेसं आहे का ते आधी पाहायचं, कडेच्या गावाला आधी विचारायचं, आणि तरीही नुकसान झालंच तर ते एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकायचं नाही. बाटलीतल्या दुधाचा खर्च जसा हिशेबात धरतात तसा त्याचा माडही धरायचा. जो हिशेब कुंपणापाशी संपतो त्याला मी करुणा म्हणणार नाही. मित्र म्हणाला, “असं असेल तर माझी ना नाही. पण लिहून घे त्यांच्याकडून.” शेतकरी आहे तो. तोंडी बोलण्यावर त्याचा विश्वास नाही, आणि माझाही नाही.

लोक या कामाला लेकीची उपमा देतात. परक्या घरी पाठवण्यासाठीच वाढवायची, म्हणे. मला ती बरेच दिवस पटत नव्हती. एक तर लेक परकी असते हेच मला मान्य नाही. आणि लेक सणाला माहेरी येते; इथे तर ती परत आली नाही म्हणजेच काम फत्ते.

पण शेल्ड्रिक संस्थेची मोठी झालेली पिल्लं केनियातल्या इथुम्बा नावाच्या ठिकाणाहून त्सावोच्या रानात जातात. हे जाणं एका दिवसाचं नसतं, काहींना आठ-दहा वर्षंही लागतात. आधी दिवसभर रानात आणि रात्री गोठ्यात, मग एखादी रात्र बाहेर, मग महिनाभर गायब. तिथल्या माद्या रानात गेल्यावर, रानातल्या नरांपासून त्यांना पिल्लं झाल्यावर, कधीमधी ते पिल्लू घेऊन पाण्याच्या हौदावर येतात. जुने सांभाळणारे तिथे असतात. हत्तिणी थांबतात, पाणी पितात आणि आपल्या मनाने निघून जातात. कुणी त्यांना बांधत नाही.

म्हणजे परत येण्यात दोष नाही. तिचं पोट तिच्या रानात भरतंय ना, तिचा कळप तिला आहे ना, एवढं पाहायचं. मग ती आली तर पाणी ठेवावं, आणि नाही आली तरी ठेवावं.